परदेशी दत्तक गेलेल्या बाळाचे पहिले वर्ष

(सोलापूर येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका, पंचायत सदस्य आणि महिला व बालविकास विभागातील कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दत्तक हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले ते दत्तक नामंजूर करूनच, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. मात्र त्या दत्तकाचा विचार घराण्याच्या बाजूने होत असे. गादीला वारस हवा, वतनाला नाव हवे, पितरांना पाणी देणारा हवा, म्हणून मूल घेतले जाई. आज ज्या दत्तकाविषयी मी बोलणार आहे, त्यात प्रश्न उलट बाजूने विचारला जातो. या मुलाला घर हवे आहे. ते कोठे मिळेल? त्यातही मी एका मर्यादित अंगाविषयीच बोलेन. आपल्याकडचे दीड-दोन वर्षांचे एखादे मूल सर्व कायदेशीर सोपस्कार पुरे होऊन परदेशातील कुटुंबात जाते, तेव्हा पहिल्या वर्षात त्याची वाढ कशी होते, ती कोठे अडते, आणि त्या वाढीचा किती भाग येथे आपल्या हातून अगोदरच ठरून गेलेला असतो, एवढाच माझा विषय आहे.

सोलापूर जिल्ह्याचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवा दिवस गेल्यावर तीर्थयात्रेच्या निमित्ताने पंढरपूरला येत आणि तेथे जन्मलेल्या अर्भकांचे पुढे काय होई, हे बोलायची सोय नव्हती. त्या काळी पंढरपुरास न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ च्या सुमारास अशा मुलांसाठी आश्रम काढला. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि अनाथ मुलांची संख्या वाढली. प्रार्थना समाजाने तो आश्रम चालविला. आज तो वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जातो. त्याच्याही आधी, १८६३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. तेथे एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी व सावित्रीबाईंनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. तेव्हा परके मूल आपले करण्याची कल्पना महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकविली असे मानण्याचे कारण नाही.

परदेशी दत्तकाची गोष्ट मात्र पुष्कळ अलीकडची आहे आणि तिची सुरुवात फारशी अभिमानाची नाही. त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली परदेशी दांपत्य न्यायालयाकडून पालकत्व घेई, मूल विमानाने जाई, आणि पुढे ते कसे आहे हे विचारणारे कोणी नसे. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून या व्यवहारातील गैरप्रकार निदर्शनास आणले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झाले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी सविस्तर निर्णय दिला. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा आली, १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला, २०१५ चा बाल न्याय अधिनियम झाला, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मुलासाठी प्रथम देशातच घर शोधायचे आणि ते न मिळाल्यासच बाहेर पाहायचे, हे तत्त्व या सर्वांत कायम राहिले आहे.

१९८४ च्या निर्णयातील दोन गोष्टी आजच्या विषयाच्या मुळाशी आहेत. परदेशी द्यावयाचे मूल शक्यतो वयाची तीन वर्षे पुरी होण्यापूर्वी दिले जावे, असे न्यायालयाने म्हटले. आणि मुलाच्या प्रगतीचा अहवाल, सोबत छायाचित्र, पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी व नंतरची तीन वर्षे दर सहा महिन्यांनी यावा, असे सांगितले. आजच्या नियमांनुसार पहिल्या वर्षी तिमाही व दुसऱ्या वर्षी सहामाही, असे एकूण सहा अहवाल येतात. हे अहवाल आले की नोंदवहीत चढतात आणि फाईलला लागतात. ते वाचलेही जावेत, कारण त्यांत त्या मुलाबरोबरच आपल्या कामाचीही परीक्षा असते.

आता आपण एक मूल डोळ्यांपुढे आणू. त्याचे नाव सांगावयाचे नाही. कायदाही सांगू देत नाही. समजा, वीस महिन्यांची मुलगी आहे. जन्मल्यावर काही दिवसांतच ती संस्थेत आली. संस्था चांगली आहे, स्वच्छ आहे, लसी वेळेवर झाल्या आहेत. पण एका आयाकडे अनेक मुले आहेत आणि आया पाळीपाळीने बदलतात. वीस महिन्यांचे घरचे मूल धावते, पायरी चढते, बोट दाखवून वस्तू मागते, दहा-वीस शब्द बोलते. आपली ही मुलगी नुकतीच चालू लागली आहे, दोन-चार शब्द बोलते, आणि बोट दाखवून मागण्याची सवय तिला फारशी नाही; कारण मागितल्यावर लगेच देणारे माणूस जवळ असतेच असे नाही. परदेशी संस्थांतून आलेल्या मुलांच्या तपासण्यांवरून डॉक्टरांनी एक ठोकताळा बांधला आहे: संस्थेतील दर दोन ते तीन महिन्यांमागे मुलाची उंची साधारण एक महिना मागे पडते. अन्न कमी पडते म्हणूनच असे होते, असे समजू नका. पोटभर जेवणारे मूलही, कोणी एकाने त्याला आपले म्हणून उचलले नाही तर, खुरटते. शेतीतला माणूस हे लवकर समजेल. खत-पाणी असूनही सावलीतले रोप बारीकच राहते.

ही मुलगी नव्या घरी पोहोचते. पहिले काही दिवस ती फार शहाण्यासारखी वागते. रडत नाही, हट्ट करीत नाही, दिले ते खाते, ठेवले तेथे बसते. नवे आईवडील आनंदाने कळवितात की बाळ फार गुणी आहे. अनुभवी माणूस मात्र हे वाक्य वाचून सावध होतो. ती शांतता बहुधा भेदरल्याची असते. पंचवीस मुलांच्या खोलीत झोपणाऱ्या बाळाला रात्री एकट्याच्या खोलीतील निःशब्दता सोसत नाही. बायकांच्याच हातात वाढलेले मूल दाढीवाल्या बापाला पाहून दचकते. गवतावर पाय ठेवायला, न्हाणीच्या टबात बसायला, मोटारीतील पट्ट्यात अडकून राहायला ते घाबरते. जेवणाचे तर वेगळेच असते. पुढचे ताट केव्हा येईल याची खात्री नसलेले मूल पोट भरले तरी थांबत नाही, गालात घास साठवून ठेवते, बिस्किटाचा तुकडा मुठीत धरून झोपी जाते. मग तीन-चार आठवड्यांनी ते अचानक किंचाळू लागते, आईला सोडीनासे होते, रात्री चार वेळा उठते. बाळ बिघडले असे पालकांना वाटते. वास्तविक येथूनच सुधारणा सुरू झालेली असते, कारण रडून कोणी येते हे त्याला आता कळले आहे.

पहिल्या तिमाही अहवालात बहुधा वजनाची बातमी असते. ते सर्वांत आधी वाढते, कधी कधी पाहणाऱ्याला नवल वाटावे इतक्या वेगाने. उंची त्याच्या मागून येते. डोक्याचा घेर सर्वांत सावकाश वाढतो आणि पुष्कळदा पूर्ण भरून निघत नाही. मागे पडलेल्या शरीराने अशी झपाट्याने बरोबरी करण्याच्या क्रियेचे वर्णन टॅनर, प्राडर आदी तज्ज्ञांनी १९६३ मध्ये केले. वाढ मोजण्याचा तक्ताही लक्षात घ्या. आपल्या अंगणवाडीत जो तक्ता आहे तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांवर आधारलेला आहे आणि ती प्रमाणे ठरविताना सहा देशांतील मुले मोजली गेली. त्यांत नॉर्वेचे ओस्लो होते आणि आपली दिल्लीही होती. नीट खायला-प्यायला मिळालेली, निरोगी वातावरणातील मुले पहिल्या पाच वर्षांत सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यात आढळले. म्हणून ‘आमच्याकडची मुले बारीकच असतात’ हे वाक्य येथेही चालू नये आणि परदेशी पाठवावयाच्या कागदावर तर मुळीच लिहू नये.

वेगाने वाढणाऱ्या बाळाला लोह जास्त लागते, आणि मुळातच रक्त कमी असलेल्या बाळाचा साठा ऐन वाढीच्या काळात संपतो. उत्तरेकडील देशांत ऊन कमी. सावळ्या कातडीच्या मुलाला तेथे ड जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते, नाहीतर पाय वाकतात. सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्याला हे सुचणारच नाही! स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी मागे पडलेल्या आणि तेथे जाऊन झपाट्याने वाढलेल्या या मुलींपैकी बऱ्याच जणी अपेक्षेपेक्षा लवकर वयात आल्या, आणि लवकर वयात आल्यामुळे त्यांची उंची अखेरीस कमीच राहिली. तेव्हा वजनाचा आकडा भराभर चढला म्हणून सर्व आलबेल आहे, असे समजण्याची घाई करू नये.

याच ठिकाणी जन्मतारखेचा प्रश्न येतो. सापडलेल्या बाळाची तारीख अंदाजाने ठरविली जाते. खुरटलेले मूल दिसते त्यापेक्षा मोठे असते. चोवीस महिन्यांच्या मुलाला आपण अठरा महिन्यांचे लिहिले, तर कागदावर ते अगदी योग्य वाढीचे दिसते. त्याची कमतरता झाकली जाते, उपचार लांबतात, आणि पुढे शाळेत, वयात येताना, सर्वच ठिकाणी ती चूक त्याच्याबरोबर चालत राहते. म्हणून बाळ सापडले त्या दिवशीचे वजन, लांबी, नाळेची स्थिती, दात या नोंदी ज्याने केल्या त्याचे उपकार ते मूल आयुष्यभर वागविते, मग त्या नोंदी करणारे हात प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेचे का असेनात. विकास मोजण्याची साधनेही आपल्याकडे आहेत. बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी तयार केलेली विकासमापन श्रेणी जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत चालते. तिरुवनंतपुरमचा सतरा बाबींचा तक्ता तर थोड्या प्रशिक्षणाने अंगणवाडी सेविकेलाही वापरता येतो. मूल जाण्यापूर्वी महिना-दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा मोजले, तर त्याचा केवळ आजचा ठाव न कळता वेगही कळतो. नव्या घरच्या डॉक्टरला तोच हवा असतो.

दुसऱ्या अहवालापर्यंत मुलगी धावू लागलेली असते. हातापायांची वाढ सहसा फार काळ दगा देत नाही. जिना, बाग, मोकळी जागा आणि मागे धावणारे माणूस मिळाले की ती काही महिन्यांत बरोबरीस येते. भाषेचे तसे नाही, आणि येथे मला थोडे थांबावेसे वाटते.

सोलापूरकराला अनेक भाषांचे नवल नाही. विणकरांच्या पेठांत घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि शाळेत मराठी. तेलुगू घरातले पोर अंगणवाडीत येते, सहा महिने गप्प बसते, आणि मग एक दिवस सरळ मराठीत भांडू लागते. परंतु त्या पोराची घरची भाषा चालू असते. तिच्यावर दुसरी चढते. परदेशी गेलेल्या बाळाची पहिली भाषा विमानतळावरच बंद होते. जे दोन-चार शब्द त्याने मोठ्या कष्टाने मिळविले होते, ते कोणी ओळखतच नाही. मूल दाराशी जाऊन ‘भूर’ म्हणते. महाराष्ट्रात कोणतीही आजी त्याला कडेवर घेऊन बाहेर जाईल. स्वीडनमधील आईला तो एक नुसता आवाज वाटतो. दोन-चारदा म्हणून काही घडले नाही की मूल तो शब्द टाकून देते. काही महिन्यांत नव्या भाषेचे शब्द येऊ लागतात, आणि इतक्या लहान वयात गेलेली बहुसंख्य मुले पुढे ती भाषा तेथील मुलांसारखीच बोलतात. पण मधले काही महिने त्या जिवाला कोणतीच भाषा नसते. पहिल्या वर्षातील पुष्कळसा आकांत, चावणे, डोके आपटणे या मुकेपणातून येते, स्वभावातून नव्हे.

मागे राहिलेल्या भाषेचे काय होते, याचाही शोध घेतला गेला आहे. कोरियातून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या माणसांची मोठेपणी तपासणी झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांना कोरियन ओळखताही येत नव्हती. परंतु २०१४ मध्ये माँट्रियलमधील मुलींवरील दुसरा अभ्यास आला. चीनमधून वर्षा-सव्वा वर्षाच्या वयात आलेल्या या मुलींना चिनीचा एकही शब्द समजत नव्हता. तरीही चिनी स्वर कानी पडताच त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी जाणणाऱ्यांसारखा होता. ओवी विसरली तरी चाल कोठेतरी उरते, असे म्हणावयाचे. मात्र एवढ्यावरून फार भावनिक निष्कर्ष काढू नयेत, असे मला वाटते.

सर्वांत उशिरा येते ती माणसाची ओढ. तिसऱ्या-चौथ्या अहवालात ‘मूल सर्वांशी मिळूनमिसळून वागते, कोणाकडेही जाते’ असे वाक्य आढळले, तर आपल्याकडे कौतुक होते. दोन वर्षांच्या मुलाने कोणाकडेही जाणे हे चांगले लक्षण नाही. त्याने आधी आईच्या पदराआडून पाहावे, मग यावे. रुमानियात १९८९ मध्ये सत्तापालट झाल्यावर तेथील भयानक अनाथालयांतील मुले इंग्लंडमध्ये दत्तक गेली. सर मायकेल रटर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १६५ मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला. आली तेव्हा जवळजवळ निम्मी मुले वजनात सर्वांत खालच्या तीन टक्क्यांत होती. सहा महिन्यांच्या आत आलेल्या मुलांनी चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक सर्व बाबतींत बरोबरी केली. त्याहून अधिक काळ संस्थेत राहिलेल्यांपैकी अनेकांनी शरीराने आणि कालांतराने बुद्धीनेही बरोबरी गाठली. पण त्यांतील बऱ्याच जणांत अनोळखी माणसाला चिकटणे, लक्ष न लागणे या गोष्टी तरुणपणापर्यंत टिकल्या. तरीही त्यांच्यातील सुमारे पाचवा हिस्सा मुले सर्व तपासण्यांत निर्दोष निघाली, हेही सांगितले पाहिजे. बुखारेस्टमध्येच २००० नंतर १३६ मुलांवर झालेल्या प्रयोगात निम्मी मुले संस्थेतून काढून कुटुंबांत ठेवली गेली. ती संस्थेतील मुलांच्या पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत घरी गेलेली सर्वांत पुढे. आपल्या संस्था रुमानियासारख्या नाहीत. ते आकडे येथे जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल. दिशा मात्र तीच राहते. न्यायालयाने १९८४ मध्ये तीन वर्षे म्हटले. पुढील चाळीस वर्षांच्या अभ्यासाने ती मर्यादाही सैल वाटू लागली आहे.

लिसा स्थळेकर यांचे नाव येथे पुष्कळांना आठवेल. १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेली, ससून रुग्णालयाच्या आवारातील श्रीवत्स या संस्थेतून दत्तक गेलेली ही मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, आणि २०१३ मध्ये मुंबईतच विश्वचषक जिंकून निवृत्त झाली. वृत्तपत्रे या कथेकडे नशिबाचा चमत्कार म्हणून पाहतात. मला त्यातील दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. ती घरी गेली तेव्हा तीन आठवड्यांची होती.

कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. स्वखुशीने मूल सोपविणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने. ते त्या आईचे हक्काचे महिने आहेत, त्यांना हात लावू नये; उलट त्या काळात तिला मदत मिळून मूल तिच्याकडेच राहू शकले, तर त्याहून चांगले काही नाही. सापडलेले मूल दोन वर्षांच्या आतील असेल तर बालकल्याण समितीने दोन महिन्यांत व मोठे असेल तर चार महिन्यांत त्याला दत्तकासाठी मोकळे जाहीर करावयाचे. दत्तकाचा आदेशही दोन महिन्यांत व्हावयाचा. या मुदतींच्या बाहेर जे महिने जातात, त्यांचा हिशेब कोणत्याही कायद्यात नाही. पोलिसांचा पालक मिळत नसल्याचा अहवाल आलेला नसतो, वैद्यकीय तपासणीवर एक सही राहिलेली असते, पत्राला स्मरणपत्र आणि स्मरणपत्राला दुसरे स्मरणपत्र जाते. अठरा महिन्यांच्या बाळाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. पंचेचाळीस वर्षांच्या अधिकाऱ्याच्या हिशेबाने ती पंधरा वर्षे झाली.

पंचायतीचे काम त्याहून आधी सुरू होते. उसाच्या फडाशी, एस.टी. स्थानकावर, वारीच्या गर्दीत मूल सापडले, की चोवीस तासांच्या आत १०९८ वर, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवावयाचे. गावातील एखाद्या निपुत्रिक घरात ते परस्पर देऊन टाकणे अनेकांना पुण्याचे वाटते. कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि मुलाच्या दृष्टीने त्याचा कोठेच कागद न उरणे हे त्याहून वाईट आहे. मूल कोणत्या ठिकाणी, किती वाजता, कोणत्या वस्त्रात, कोणाला सापडले, हे सरपंचांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावे. वीस वर्षांनी एखादी परदेशी पेहरावातील तरुणी पंचायतीच्या दारात उभी राहते. तिच्याजवळ गावाचे नाव असते आणि एक तारीख असते. तिला संस्थेमार्फत व कायद्याने जेवढे सांगता येते तेवढेच सांगावे. जन्मदात्या आईची ओळख फोडण्याचा अधिकार गावाला नाही. पण ती सापडली ते ठिकाण दाखविता येते. शिक्षकांनाही एक सांगणे आहे. वर्गातील दत्तक मुलाला किंवा अशा पाहुणीला ‘तुझी खरी आई कोण’ हा प्रश्न कोणी विचारू नये, यावर लक्ष ठेवावे.

राहता राहिली मुलाबरोबर जावयाची सामग्री. वैद्यकीय अहवाल व बालअभ्यास अहवाल जातोच. त्यासोबत आणखी एक कागद जावा, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. मूल कोणता शब्द कशासाठी वापरते, याची यादी: मंमं म्हणजे जेवण, भूर म्हणजे बाहेर जाणे, गाई म्हणजे झोप, बाऊ म्हणजे लागले किंवा भीती वाटली, काऊ, चिऊ, माऊ, शू. ही यादी कार्यालयात बसून करू नये. मुलाला भरविणाऱ्या आयाजवळ बसून करावी, कारण सोलापुरातील आया तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असू शकते आणि मग ते मूल पाण्याला नीळ्ळु किंवा नीरु म्हणत असते. त्याला कसे थोपटतात, पाठीवर की मांडीवर, झोपताना कोणते गाणे म्हणतात, वरणभात किती मऊ लागतो, कशाला घाबरते, हेही लिहावे. शक्य तर त्या आयेचा आवाज ध्वनिमुद्रित करून द्यावा आणि नव्या आईवडिलांबरोबर तिने दोन-तीन दिवस तरी मुलाला एकत्र भरवावे. निरोपाच्या वेळी मूल तिला चिकटून रडले तर पुष्कळदा तिलाच दूर करण्यात येते, मुलाला त्रास नको म्हणून. तसे करू नये. जे मूल एका माणसासाठी रडते त्याला माणसाची ओढ लागलेली असते, आणि ती ओढ ते नव्या घरी नेऊ शकते. न रडणाऱ्या मुलाची काळजी मला अधिक वाटते.

आणि त्याची चादर द्यावी. नवी, पाकिटातली, शहराची भेट म्हणून दिलेली नव्हे. तो प्रकार हल्ली होतो आणि छायाचित्रात चांगला दिसतो. ज्या चादरीत ते रोज झोपते तीच द्यावी, आणि देण्यापूर्वी धुऊ नये. तिच्या वासाने पहिल्या काही रात्री झोप लागते.